‘धक्काशोषक’ कोणता धक्का शोषतो? : मोटारीची उंची कमी करण्याच्या एका प्रश्नाच्या निमित्ताने

आमच्या विभागात पारिभाषिक संज्ञांचे जे अध्यापन होते, त्यात ‘शॉक ॲब्सॉर्बर’ आणि त्याचा मराठी पर्याय ‘धक्काशोषक’ ही जोडी शब्दश: भाषांतराचा नमुना म्हणून घेण्याचा प्रस्तुत लेखकाचा परिपाठ आहे. मूळ शब्दाचे दोन घटक, पर्यायाचेही दोन. अर्थ जसाच्या तसा उतरलेला. या जोडीत अधिक विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा वाटत नाही. गेल्या वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर आपल्या थोरल्या भावाचे पत्र दाखविले आणि हा नमुना वाटला तितका निरुपद्रवी नाही, हे ध्यानात आले.

हे गृहस्थ जर्मनीत स्टुटगार्ट येथे नोकरीस आहेत. त्यांनी तेथे माझदा कंपनीची एम्‌एक्स-५ ही दोन आसनांची जुनी क्रीडा-मोटार घेतली. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात प्रथम मांडली गेलेली ही गाडी वजनाने अवघी साडेनऊशे किलोग्रॅमच्या आसपास आहे. ती अधिक देखणी दिसावी आणि वळणावर कमी कलावी म्हणून त्यांनी मूळ स्प्रिंगा काढून आखूड व अधिक कठीण स्प्रिंगा बसविल्या. त्यायोगे गाडी ३० मिलिमीटरने खाली आली. शॉक ॲब्सॉर्बर मूळचेच ठेवले. तेव्हापासून प्रत्येक उंचवट्यावर गाडी ‘ठक्’ असा आवाज करून आदळू लागली. त्यांचा तर्क असा : धक्का शोषणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम, धक्का शोषला जात नाही, म्हणून शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाले आहेत. त्यांनी त्याच जातीचे चार नवे शॉक ॲब्सॉर्बर घेतले. आदळणे थांबले नाही.

या तर्कात आकाराचा दोष नाही. दोष आधारविधानात आहे आणि ते आधारविधान वस्तूच्या नावातून आलेले आहे.

१. नाव आणि काम

मोटारीचे चाक उंचवट्यावर चढते तेव्हा जो धक्का बसतो, तो प्रथम स्प्रिंग घेते. ती दबते आणि धक्क्याची ऊर्जा आपल्यात साठविते. पण साठविलेली ऊर्जा ती लगेच परत करते. त्यामुळे गाडीचा सांगाडा वर उसळतो, पुन्हा खाली येतो आणि हे आंदोलन चालू राहते. ते आंदोलन आवरण्याकरिता दुसरे साधन लागते. तेलाने भरलेल्या नळीत फिरणारा दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो, तेल तापते आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. हेच ते साधन, ज्याला आपण धक्काशोषक म्हणतो.

त्याचा विरोध गतीवर अवलंबून असतो. गाडी उभी असताना तो तिचा भार जवळजवळ मुळीच पेलीत नाही. वायुदाबाच्या प्रकारात दांड्याला जो अल्प रेटा असतो, तेवढाच काय तो अपवाद. नेहमीच्या बांधणीत धक्का सोसणारी स्प्रिंग आणि तिला शांत करणारे हे साधन, अशी कामाची वाटणी आहे. नावाने मात्र पहिलीचे श्रेय दुसऱ्याला देऊन टाकले आहे.

हे असे का झाले असावे, याचा थोडा उलगडा इतिहासातून होतो. घोडागाडीकडून मोटारीकडे आलेला कमानपाटा हा पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो. पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणानेच आंदोलन पुष्कळसे मरते. आपल्याकडील मालमोटारींचे पाटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे घासणे परिचित असेल. पाट्याच्या अंगी धक्का झेलणे आणि शांत होणे ही दोन्ही कामे अशी एकत्र नांदत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वेग वाढला, तेव्हा त्याला जोड म्हणून घर्षणाच्या चकत्यांचे एक साधन निघाले आणि ते ‘ट्रुफो-हार्टफर्ड शॉक ॲब्सॉर्बर’ या नावाने विकले गेले. पुढे वेटोळ्याची स्प्रिंग प्रचारात आली. तिच्या अंगी असे घर्षण नगण्य असते. त्यामुळे शांत करण्याचे काम सर्वस्वी वेगळ्या साधनाकडे गेले. नाव मात्र जुनेच राहिले.

इतर भाषांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश इंग्रजीत याला ‘डॅम्पर’ म्हणतात. त्याच्या मुळाशी वाफेने वा धुराने गुदमरविणे, विझविणे हा अर्थ आहे. फ्रेंच ‘आमॉर्तिसर’मध्ये मृत्युवाचक लॅटिन धातू आहे : आंदोलन मारणारा तो. जर्मनमध्ये ‘धक्का-शमक’ या अर्थाचा शब्द रूढ असला, तरी तेथील अभियंते ‘आंदोलन-शमक’ या अर्थाचा ‘श्विंगुंग्सडेम्प्फर’ हा शब्दही वापरतात आणि तो अधिक नेमका आहे. आपल्या कारखान्यांतील ‘शॉकअप’ हे अमेरिकन नावाचेच घासून गुळगुळीत झालेले रूप होय. या लेखात यापुढे ‘शमक’ हा शब्द योजला आहे. ‘शम्’ म्हणजे शांत होणे, कामही तेच.

२. कठीण स्प्रिंग आणि जुना शमक

आता प्रश्न असा की, स्प्रिंग बदलून शमक तोच ठेवल्यास नेमके काय बिघडते? यासाठी एका चाकाचा हिशेब घेऊ. पुढील आकडे विशिष्ट गाडीचे मोजमाप नव्हेत. हलक्या क्रीडा-मोटारीस शोभतील असे ते गृहीत धरले आहेत. एका चाकावरील सांगाड्याचा भार २५० किलोग्रॅम. चाकाच्या ठिकाणी स्प्रिंगची दृढता, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबण्यास लागणारे बल, २० न्यूटन. नव्या स्प्रिंगची दृढता तीस टक्क्यांनी अधिक, म्हणजे २६ न्यूटन.

जुन्या स्प्रिंगवर सांगाडा सेकंदास सुमारे १.४ आंदोलने करील, नव्या स्प्रिंगवर १.६. आंदोलन कितपत आवरले जाते, हे मोजण्यासाठी शमन-गुणोत्तर वापरतात. ते १ असेल तर सांगाडा आंदोलन न करता थेट जागेवर येतो. शून्य असेल तर आंदोलन कधीच थांबत नाही. शमक तोच ठेवला, तर हे गुणोत्तर स्प्रिंगच्या दृढतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. मूळ गाडीत ते ०.३० होते असे मानल्यास नव्या स्प्रिंगसह ते ०.२६ होईल. एका पूर्ण आंदोलनानंतर पूर्वी १४ टक्के झोका उरत असे, आता १८ टक्के उरेल. फरक आहे, पण तो भयावह नाही. शमक झिजून त्याचा विरोध चाळीस टक्क्यांनी उतरला असेल, तर मात्र गुणोत्तर ०.१६ वर येते आणि ३७ टक्के झोका शिल्लक राहतो. गाडी डुलू लागते. कठीण स्प्रिंग जुन्या शमकाचे उरलेसुरले वैगुण्य अशा रीतीने उघडे पाडते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शमकाचा विरोध दोन्ही दिशांना सारखा नसतो. सामान्यत: तो दबताना कमी आणि ताणला जाताना अधिक असतो, कारण ताणतानाच स्प्रिंगने साठविलेली ऊर्जा उसळून बाहेर पडत असते. कठीण स्प्रिंगला म्हणून मुख्यत: ताणण्याच्या दिशेने अधिक विरोधाची गरज लागते आणि मूळ शमकात ती भागविण्याची सोय नसते.

इतके झाले तरी पत्रातील ‘ठक्’चा उलगडा होत नाही. नवे शमक घातल्यावर गुणोत्तर ठीक झाले असणार. तरीही गाडी आदळतच होती.

३. हरवलेले अंतर

शमकाच्या दांड्यावर रबरासारख्या फेसाळ द्रव्याचा एक तुकडा असतो. त्याला ‘बंप स्टॉप’ म्हणतात. चाक फार वर आले, तर शमकाचे कवच या तुकड्यावर टेकते आणि लोखंडावर लोखंड आपटणे टळते. गाडी समतल उभी असताना या तुकड्यापर्यंत काही मोकळे अंतर असते. आपल्या उदाहरणात ते ८० मिलिमीटर मानू. गाडी ३० मिलिमीटरने खाली आणली, की मोकळे अंतर ५० मिलिमीटर उरते. शमक तोच, त्याची लांबी तीच. गाडीने खाली येताना त्याच्या प्रवासाचा वाटा खाऊन टाकला आहे.

स्प्रिंग किती ऊर्जा साठवील, हे दृढतेच्या सरळ प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते. सगळ्या प्रकरणाची किल्ली या ‘वर्ग’ शब्दात आहे. मूळ स्प्रिंग ८० मिलिमीटरात ६४ ज्यूल ऊर्जा घेई. नवी स्प्रिंग तीस टक्के कठीण असूनही ५० मिलिमीटरात साडेबत्तीस ज्यूलच घेते, म्हणजे जवळजवळ निम्मी. पूर्वीइतकी ऊर्जा या उरलेल्या अंतरात घ्यावयाची, तर स्प्रिंगची दृढता ५१ न्यूटन लागेल. मूळच्या अडीचपटींहून अधिक. तशी स्प्रिंग रोजच्या रस्त्यावर कोणी सोसणार नाही, आणि मूळ शमकाला तर ती मुळीच आवरणार नाही.

तात्पर्य, गाडी आता प्रत्येक मध्यम उंचवट्यावर बंप स्टॉपवर टेकत होती. तो तुकडा दबू लागला की चाकाची एकूण दृढता एकाएकी अनेकपटींनी वाढते. प्रवाशाला तो धक्का शमक निकामी झाल्यासारखा भासतो. वास्तविक तेथे स्प्रिंगला काम करावयास जागाच उरलेली नसते. त्याच लांबीचा नवा शमक आणला, तर ती जागा एका मिलिमीटरानेही वाढत नाही.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. वेगात वळण घेताना बाहेरच्या बाजूचे चाक आधीच दबलेले असते. त्यात खड्डा आला आणि ते चाक बंप स्टॉपवर टेकले, तर त्या टोकाची दृढता क्षणात बदलते आणि टायरची पकड सुटू शकते. पुढचे चाक असेल तर गाडी वळणाबाहेर सरकते. मागचे असेल तर मागील अंग फिरते. पकड वाढावी म्हणून केलेला बदल पकडीवरच उलटतो.

४. वरची बाजू

खाली जे अंतर हरवले, ते वर वाढते. पण तेही निर्धोक नाही. २५० किलोग्रॅमचा भार मूळ स्प्रिंगला सुमारे १२३ मिलिमीटर दाबून ठेवतो, नव्या स्प्रिंगला ९४. म्हणजे नुसती कठीण स्प्रिंग मूळच्याच लांबीची घातली असती, तर गाडी २९ मिलिमीटरने वर गेली असती. ती ३० मिलिमीटर खाली यावी म्हणून स्प्रिंगची मोकळी लांबी सुमारे ५९ मिलिमीटरने कमी करावी लागते. आता चाक लोंबते सोडल्यास मूळ स्थितीत शमक ९० मिलिमीटरने लांबत होता असे मानू. तेव्हा स्प्रिंग ३३ मिलिमीटर दबलेलीच राहत असे. उंची कमी केल्यावर तोच शमक १२० मिलिमीटरने लांबतो. स्प्रिंग ९४ मिलिमीटरातच मोकळी होते आणि आपल्या बैठकीत सैल पडते. हे टाळण्यासाठी अशा पुष्कळ स्प्रिंगांत काही वेटोळी जवळजवळ व मऊ ठेवलेली असतात. भाराखाली ती मिटून जातात आणि चाक लोंबले की उघडून स्प्रिंगला बैठकीवर धरून ठेवतात. जी व्यक्ती मूळ स्प्रिंगच कापून गाडी खाली आणते, तिला ही सोय नसते.

५. मग करावे काय?

मूळ शमकावर आखूड स्प्रिंग बसविणे सर्वथा निषिद्ध आहे असे वरील विवेचनातून निघत नाही. किती खाली, यावर सर्व अवलंबून आहे. आपल्या उदाहरणात हीच २६ न्यूटनची दृढता ठेवून गाडी केवळ १५ मिलिमीटरने खाली आणली असती, तर मोकळे अंतर ६५ मिलिमीटर आणि ऊर्जा ५५ ज्यूल राहिली असती. म्हणजे मूळच्या सुमारे ८६ टक्के. शमक चांगल्या स्थितीत असतील, तर हा बदल पचण्यासारखा आहे. त्याहून खाली जावयाचे असेल, तर कवच आखूड असलेले आणि त्या स्प्रिंगसाठी जुळविलेले शमक घेणे प्राप्त आहे. बंप स्टॉप कापून काही मिलिमीटर मिळविता येतात. परंतु शेवटची गादी तितकीच पातळ होते. कोणताही मार्ग पत्करला, तरी उंची बदलल्यावर चाकांचे कोन बदलतात. ते पुन्हा जुळवून घ्यावेच लागतात, नाही तर टायर एका कडेने झिजतात.

विद्यार्थिनीने वरील हिशेब आपल्या भावास कळविला. त्यांनी गाडी उचलून दांड्यावरचे तुकडे पाहिले; चारही तुकड्यांवर टेकल्याच्या स्पष्ट खुणा होत्या. त्यांनी मग पंधरा मिलिमीटरच खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घेतल्या आणि आदळणे थांबले. चार नव्या शमकांचा खर्च मात्र नावापायी झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

संज्ञा रूढ झाली की ती बदलणे कोणाच्या हाती नसते. ‘धक्काशोषक’ही राहील आणि ‘शॉकअप’ही राहील. पारिभाषिक कोश रचणाऱ्याने निदान इतके करावे की, अशा नोंदीत पर्यायी शब्द देऊन न थांबता वस्तूचे काम एका वाक्यात सांगावे. ‘स्प्रिंगचे आंदोलन शांत करणारे साधन, भार व धक्का स्प्रिंग घेते’ एवढी नोंद त्या गृहस्थांच्या हाताशी असती, तरी त्यांनी शमक विकत घेण्यापूर्वी स्प्रिंगकडे आणि तिच्या उरलेल्या अंतराकडे पाहिले असते.