ॲस्पेक्टजे कंपायलर: १९९७पासूनची वाटचाल

सोलापुरातल्या चादर कारखान्यासाठी लिहिलेल्या संगणकप्रणालीत साठा, बिले आणि मजुरी यांचे वेगवेगळे क्लास सहज पाडता येतात. व्यवहारांची नोंद ठेवणे आणि वापरणाऱ्याचा अधिकार तपासणे ही कामे मात्र सगळीकडे लागतात, आणि त्याच त्या ओळी जागोजागी विखुरतात. अशी कामे 'ॲस्पेक्ट' म्हणून एका जागी लिहायची आणि कंपायलरकरवी मूळ कोडमध्ये गुंफायची, हा ॲस्पेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा गाभा. जकार्ड मागावर पंचकार्डांची माळ बदलली, की ताणा तोच राहून चादरीची नक्षी बदलते, तसेच हे.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. १९९७च्या त्यांच्या निबंधाच्या सात लेखकांत अनुराग मेंढेकर यांचेही नाव आहे. निबंधातले चित्रप्रक्रियेचे उदाहरण बोलके आहे. सुबोध प्रोग्राम ७६८ ओळींचा होता. स्मृती वाचवण्यासाठी हाताने केलेल्या बदलांनी तो ३५,२१३ ओळींवर गेला. ॲस्पेक्ट वेगळे काढल्यावर १,०३९ ओळी पुरल्या; गुंफणीचे साधन अर्थात वेगळे.

जावासाठी याच गटाने ॲस्पेक्टजे ही भाषा घडवली. तिची १.० आवृत्ती २००१मध्ये आली आणि डिसेंबर २००२मध्ये प्रकल्प एक्लिप्सकडे गेला. २००३च्या १.१ आवृत्तीपासून गुंफण बाइटकोडवर होऊ लागली, त्यामुळे सोर्स हाताशी नसलेल्या जार फायलींतही ॲस्पेक्ट घालता येऊ लागले. २००५मध्ये ॲस्पेक्टवर्क्झ हा प्रकल्प तिच्यात विलीन झाला. त्याच्याबरोबर ॲनोटेशनची शैली आली आणि क्लास लोड होताना गुंफण करण्याची सोयही सुधारली.

ॲस्पेक्टजेचा 'एजेसी' हा कंपायलर बसवणे सोपे आहे. इन्स्टॉलरची जार फाइल जावाने चालवायची, बिन फोल्डर पाथमध्ये आणि 'ॲस्पेक्टजेआरटी' जार क्लासपाथमध्ये घालायची. ही जार प्रोग्राम चालवतानाही लागते. पहिली चाचणी बहुधा प्रत्येक मेथडकॉलची नोंद छापणाऱ्या ॲस्पेक्टची असते. त्यात पॉइंटकट, म्हणजे ॲस्पेक्ट कोडमध्ये कुठे लागू व्हायचा हे सांगणारी अट, सैल ठेवला, तर ॲस्पेक्टमधला छापण्याचा कॉलही पकडला जातो, तोच पुन्हा स्वतःला बोलावतो आणि स्टॅक भरून प्रोग्राम कोसळतो. ॲस्पेक्टला स्वतःच्या कक्षेतून वगळणारी अट घातली की हे थांबते. उलट पॉइंटकट कुठेच जुळला नाही, तर ॲडव्हाइस, म्हणजे त्या जागी चालवायचा कोड, लागू झाली नसल्याचा इशारा कंपायलर देतो. म्हणून सुरुवातीला इशारे वाचण्याची सवय महत्त्वाची.

२००६मध्ये जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कच्या २.० आवृत्तीने ॲस्पेक्टजेची पॉइंटकट भाषा स्वीकारली, पण गुंफणीऐवजी प्रॉक्सी, म्हणजे मूळ ऑब्जेक्टपुढे उभ्या राहून कॉल अडवणाऱ्या मध्यस्थ ऑब्जेक्ट, वापरल्या. वेगळा कंपायलर बसवण्याची गरज उरली नाही आणि बहुसंख्य प्रोग्रामरांपर्यंत ही पद्धत याच वाटेने पोहोचली. प्रॉक्सीला मर्यादा आहेत: ऑब्जेक्टने स्वतःच्याच मेथडला केलेला कॉल तिला दिसत नाही, प्रायव्हेट मेथड आणि फील्डपर्यंत ती पोहोचत नाही. अशा ठिकाणी पूर्ण गुंफण लागते, आणि त्यासाठी जावाच्या नव्या आवृत्त्यांशी जुळवून घेत एजेसी आजही सांभाळला जातो.