लोहारशाळेशेजारचे बिअरघर

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश खेड्याचा रोजचा व्यवहार कसा चालत होता, याचा सर्वांत सलग पुरावा व्यवसाय-निर्देशिकांमध्ये, म्हणजे गावोगावचे जमीनदार, पाद्री, शेतकरी, कारागीर आणि दुकानदार यांची नावे धंद्यासह छापणाऱ्या जाडजूड ग्रंथांमध्ये सापडतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक ही काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, या दृष्टीने अभ्यासकांना विशेष सोयीची आहे. शेफील्डच्या विल्यम व्हाइट यांनी सफोकची निर्देशिका १८४४मध्ये प्रसिद्ध केली आणि १८५५ व १८७४मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. त्याच काळात लंडनच्या केली यांची निर्देशिकाही एकामागून एक काउंटी व्यापत गेली. व्हाइट यांच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील गावाच्या नोंदीत आधी क्षेत्रफळ, लोकसंख्या, जमिनीची मालकी, चर्च आणि धर्मादाय निधी यांची माहिती येते आणि मग लोहार, चाके बनवणारा सुतार, जोडे शिवणारा, खोगीर बनवणारा, पवनचक्कीवाला, किराणा दुकानदार अशी नावांची यादी सुरू होते.

या यादीत एक नोंद पुन्हा पुन्हा भेटते, ती बिअरविक्रेत्याची. दारूचा पूर्ण परवाना असलेल्या खानावळ-मालकाहून तो वेगळा, कारण त्याला फक्त बिअर आणि सफरचंदाची सायडर विकता येत असे. जिन, ब्रँडी किंवा वाइन विकण्याची मुभा त्याला नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही नोंद अनेकदा एकटी नसते. 'लोहार व बिअरविक्रेता', 'सुतार व बिअरविक्रेता', 'दुकानदार व बिअरविक्रेता' अशा जोडनोंदी इतक्या सर्रास दिसतात, की खेड्यातील बिअरविक्री हा बहुधा स्वतंत्र धंदा नसून कारागिराच्या घराला आधार देणारा दुसरा उद्योग होता, असाच निष्कर्ष निघतो. हा आधार एका कायद्याने निर्माण केला आणि पुढच्या कायद्यांनी तो हळूहळू काढून घेतला. निर्देशिकांच्या ओळीने लावलेल्या आवृत्त्या वाचल्या म्हणजे ही घडामोड गावागणिक तपासता येते.

१८३०चा कायदा

इंग्लंडमध्ये बिअर विकणाऱ्यांवर १५५२पासून 'जस्टिस ऑफ द पीस' यांचे, म्हणजे स्थानिक जमीनदारवर्गातून नेमल्या जाणाऱ्या मानद दंडाधिकाऱ्यांचे नियंत्रण होते. परवाना द्यावा की नाकारावा हे त्यांच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे परवान्यांची संख्या मर्यादित राहिली, परवाना असलेल्या इमारतींचे मोल वाढले, आणि धनाढ्य मद्यनिर्मात्यांनी अशा इमारती विकत घेऊन तेथे केवळ आपलीच बिअर विकली जाईल अशी बांधिलकी भाडेकरूंवर लादली. ही मक्तेदारी मोडावी, बिअर स्वस्त व भेसळमुक्त व्हावी आणि गरिबांनी जिनऐवजी बिअर प्यावी, असा तिहेरी हेतू पुढे ठेवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या सरकारने १८३०मध्ये नवा कायदा केला. त्या वर्षी १० ऑक्टोबरपासून तो अमलात आला. त्याने बिअरवरील कर रद्द केला, आणि कर भरणाऱ्या कोणत्याही घरमालकाला वा भाडेकरूला अबकारी खात्याकडे वर्षाला दोन गिनी, म्हणजे ४२ शिलिंग, भरून आपल्याच घरात बिअर विकण्याचा हक्क दिला. दंडाधिकाऱ्यांची परवानगी आता लागत नव्हती. दारावर आपले नाव आणि परवाना असल्याची पाटी रंगवली, जामीनदार उभा केला आणि रात्री दहाला दार लावले की कायद्याची अट पुरी होत असे. पहिल्या सहा महिन्यांतच देशभरात २४,०००हून अधिक परवाने घेतले गेले.

ही सवलत कारागिरांनीच का उचलली, याचे उत्तर त्यांच्या हिशेबवहीत मिळते. महाराष्ट्रातील बलुतेदाराला गावाच्या उत्पन्नात वंशपरंपरागत धान्याचा वाटा असे. इंग्लिश खेड्यातील लोहाराला असा कोणताही हक्क नव्हता, पण त्याचेही पैसे वर्षभर अडकून पडत, कारण शेतकरी नांगराचे फाळ, घोड्यांचे नाल आणि गाड्यांची दुरुस्ती उधारीवर करून घेत आणि हिशेब बहुधा वर्षातून एकदा चुकता करीत. लोखंड, कोळसा आणि लाकूड यांसाठी मात्र कारागिराला रोख मोजावी लागे. अशा घरात दोन पेन्सांच्या आसपासच्या एकेका पिंटने येणारी चिल्लर ही आठवडाभराची खेळती रक्कम ठरे. शेतमजूरही उधारीवर पीतच, परंतु त्याची मजुरी आठवड्याच्या शेवटी हाती पडत असल्याने त्याची उधारी शेतकऱ्याच्या उधारीपेक्षा लवकर वसूल होई.

धंद्याची जागा आणि कामाची रीत याही गोष्टी या जोडणीला अनुकूल होत्या. सफोकच्या जड चिकणमातीत नांगर ओढण्यासाठी तांबूस रंगाचे, आखूड पायांचे 'सफोक पंच' जातीचे बलदंड घोडे वापरले जात, आणि त्यांना नाल ठोकून होईपर्यंत गाडीवानाला लोहारशाळेत ताटकळावे लागे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणाऱ्या आपल्या कारागिरांना परिचित असलेले काम तेथेही होते: चाकाचा तुंबा एल्म वृक्षाच्या, आरे ओकच्या आणि परिघाचे तुकडे ॲशच्या लाकडाचे घडवून सुतार चाक तयार करी, लोहार लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसवी, आणि पाणी ओतताच आकसणारी धाव सारे सांधे आवळून घेई. या कामाला अनेक हात लागत आणि घशाला कोरडही तितकीच पडे. भट्टी, सुतारशाळा आणि बिअरचे पिंप एका आवारात असण्यात म्हणूनच व्यावहारिक शहाणपण होते. इंग्लंडभर आजही आढळणारी 'ब्लॅकस्मिथ्स आर्म्स', 'व्हीलराइट्स आर्म्स', 'कार्पेंटर्स आर्म्स' अशी मद्यगृहांची नावे कारागिरी आणि मद्यविक्री यांच्या या जवळिकीची साक्ष देतात.

बिअरघर म्हणजे एक खोली

आज 'पब' म्हटले की लांब फळी, तीवर चकाकणारे नळ आणि मागे बाटल्यांची मांडणी डोळ्यांसमोर येते. खेड्यातील बिअरघरात यांपैकी काहीच नसे. घराची पुढची खोली किंवा स्वयंपाकघर हीच बैठकीची जागा असे, तेथे चुलाण्याभोवती बाके मांडलेली असत, आणि मागच्या थंड खोलीतील पिंपातून बिअर सुरईत काढून आणून पेल्यांत ओतली जाई. लॅक्सफील्ड या सफोकमधील गावातील 'लो हाऊस' या टोपणनावाने ओळखले जाणारे मद्यगृह फळीविना, मागच्या खोलीतील पिंपांतूनच बिअर देण्याच्या जुन्या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. दिवसा पुरुष भट्टीवर किंवा रंध्यावर असल्याने गिऱ्हाइकांकडे पाहणे, पिंपाची निगा राखणे आणि हिशेब ठेवणे ही कामे बहुतेक घरांत स्त्रियांकडे असत, आणि नवरा वारल्यावर विधवेने परवाना आपल्या नावावर घेऊन धंदा चालू ठेवल्याची उदाहरणे निर्देशिकांतून सहज आढळतात.

बिअरसाठी लागणारा कच्चा माल काउंटीतच पिकत होता. बार्ली पाण्यात भिजवून, फरशीवर पसरून मोड आणायचे आणि मग भट्टीत वाळवून ती वाढ थांबवायची, या प्रक्रियेतून माल्ट तयार होतो. सफोकची बार्ली आणि माल्ट किनाऱ्यावरील छोट्या बंदरांतून जहाजांनी लंडनला जात असे. न्यूसन गॅरेट यांनी स्नेप येथे ज्या माल्ट-कोठारांचा विस्तार केला, त्यांपैकी एकाचे १९६७मध्ये संगीत सभागृहात रूपांतर झाले. घरोघरी बिअर गाळण्याची परंपराही जुनी होती, आणि तिच्यावर येणारा फेसाळ यीस्ट पावाचे पीठ फुगवायला वापरला जात असल्याने गाळणे आणि पाव भाजणे ही कामे एकमेकांशी निगडित राहिली. ब्लॅक्सहॉल या सफोकमधील गावाच्या मौखिक इतिहासावर जॉर्ज इवर्ट इव्हान्स यांनी १९५६मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घरगुती उद्योगांची तपशीलवार नोंद आहे. सुगीच्या करारात मजुरांना पैशांखेरीज बिअर किंवा ती गाळण्यासाठी माल्ट देण्याची रूढी होती; शेतमजुरीचा भाग म्हणून मद्य देण्यास १८८७च्या कायद्याने मनाई केली.

संशय आणि नियंत्रण

बिअरघरांविषयी प्रतिष्ठितांच्या मनात आरंभापासून राग होता. १८३०च्या उन्हाळ्याअखेरीस केंटमध्ये मळणीयंत्रे फोडण्यापासून सुरू झालेले 'स्विंग' दंगे दक्षिण व पूर्व इंग्लंडात पसरले, आणि मजुरांच्या या उठावाची खलबते नव्या बिअरघरांत शिजतात असा आरोप जमीनदार व पाद्री करू लागले. वास्तविक कायदा अमलात येण्यापूर्वीच दंगे पेटले होते, आणि अपुरी मजुरी व हिवाळ्यातील मळणीचे काम हिरावणारी यंत्रे ही त्यांची उघड कारणे होती. तरीही या आरोपामागे एक खरी अस्वस्थता दडलेली होती: परवानाधारक जुन्या खानावळीचा मालक दंडाधिकाऱ्यांच्या धाकात असे, तर बिअरघर ही मजुरांना मालकाच्या नजरेआड एकत्र बसता येईल अशी जागा होती.

हा फरक गावांच्या रचनेतही उमटला. इतिहासकार ज्यांना 'बंद गावे' म्हणतात, तेथे बहुतेक जमीन एकाच मालकाची असल्याने तो मजुरांची घरे कमी ठेवी, म्हणजे गरिबांच्या पोषणासाठीचा करही कमी बसे, आणि बिअरघराला जागा देणे सहज टाळू शके. याउलट अनेक लहान मालक असलेल्या 'खुल्या गावांत' कारागीर, किरकोळ दुकानदार आणि बिअरविक्रेते दाटीने राहत, आणि शेजारच्या बंद गावांचीही कामे तेथूनच होत. एकाच पानावरील दोन शेजारी गावांपैकी एकाची यादी चार ओळींची आणि दुसऱ्याची अर्ध्या स्तंभाची का असते, याचे स्पष्टीकरण बऱ्याचदा जमिनीच्या मालकीत मिळते. स्वतः शेतमजूर मात्र कोणत्याच यादीत नसतात, कारण निर्देशिका विकणाऱ्यांची आणि मालकांची होती. त्या दृष्टीने बिअरचा परवाना हा सामान्य कुटुंबाला छापील पानावर येण्याचा एक स्वस्त मार्ग होता.

शासनाने मोकळीक टप्प्याटप्प्याने आवरती घेतली. १८३४मध्ये घरात बसून पिण्याच्या परवान्याचे शुल्क तीन गिनी झाले आणि त्यासाठी सहा करदात्यांच्या सहीचे चारित्र्याचे प्रमाणपत्र लागू लागले. १८४०मध्ये घराच्या करआकारणीयोग्य मूल्याची किमान मर्यादा घातल्याने सर्वांत गरीब घरे वगळली गेली. आणि १८६९मध्ये परवाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले. आधीपासून चालू असलेल्या बिअरघरांना ठरावीक कारणांखेरीज नकार देता येणार नाही असे संरक्षण होते, पण १९०४च्या कायद्याने तेही बदलले: मद्यविक्रेत्यांकडूनच गोळा केलेल्या निधीतून भरपाई देऊन 'अनावश्यक' मद्यगृहे बंद करण्याची सोय झाली, आणि एका खोलीत चालणारी छोटी बिअरघरे या कात्रीत सर्वांत आधी सापडली. दरम्यान साउथवोल्डची ॲडनम्स, बरी सेंट एडमंड्सची ग्रीन किंग, इप्सविचची कॉबोल्ड अशा कंपन्यांच्या हाती मद्यगृहे एकवटत गेली होती. १८३०च्या कायद्याने मोडू पाहिलेली बांधिलकी अधिक मोठ्या प्रमाणावर परतली होती.

याच दशकांत कारागिराचा पहिला धंदाही आटत होता. इप्सविचच्या रॅन्सम्स आणि लीस्टनच्या गॅरेट या कारखान्यांतून तयार नांगर व यंत्रे येऊ लागली, १८७०च्या दशकापासून स्वस्त परदेशी धान्यामुळे शेती मंदीत गेली, आणि विसाव्या शतकात ट्रॅक्टरने घोड्याबरोबर नालबंदीचे कामही संपवले. बिअरघर बंद पडले म्हणजे गावातील पिण्याची एक जागा गेली एवढाच त्याचा अर्थ नव्हता; अर्धवट चालणाऱ्या लोहारशाळेला तगवून धरणारे उत्पन्न नेमके गरजेच्या वेळी नाहीसे झाले होते.

विशेष म्हणजे अलीकडे हीच जोडणी उलट दिशेने सुरू झाली आहे. तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताचे राजे चार्ल्स, यांच्या प्रेरणेने २००१मध्ये सुरू झालेला 'पब इज द हब' हा उपक्रम खेड्यातील मद्यगृहांना किराणा दुकान, टपाल कार्यालय यांसारख्या सेवा आपल्या छताखाली घेण्यास साहाय्य करतो, कारण केवळ मद्यविक्रीवर आता खेड्यातील मद्यगृह चालणे कठीण झाले आहे. पूर्वी कारागीर जोडधंदा म्हणून बिअर विकत होता, आज बिअरविक्रेत्याला जोडधंदा शोधावा लागतो. छोट्या वस्तीत एकाच धंद्यावर एक घर चालत नाही, हे जुन्या निर्देशिकांतील जोडनोंदींनी सांगितलेले वास्तव दोन्ही काळांत सारखेच राहिले आहे.