दौत-लेखणी : लेखांक ६ – बरगंडीचा भरवसा नाही

गेल्या आठवड्यातली रॉयल ब्लू गरीब स्वभावाची शाई. कुठल्याही पेनात भरा, कुठल्याही वहीत लिहा, फार नखरे नाहीत. बरगंडीचं तसं नाही. पायलट या जपानी कंपनीच्या ‘इरोशिझुकू’ मालिकेतली ‘यामा-बुदो’ ही शाई घ्या. डोंगरातल्या रानद्राक्षांवरून तिचं नाव पडलं. ५० मिलिलिटरची जाड काचेची बाटली, आणि शेवटची शाईही निबला खेचता यावी म्हणून तळाला खळगा. बाटलीतली शाई जवळजवळ काळी दिसते. बारीक निबने झेरॉक्सच्या कागदावर लिहिलं तर निस्तेज जांभळट अक्षर उमटतं. तीच शाई रुंद निबमधून गुळगुळीत कागदावर उतरली की गडद किरमिजी होते आणि कडेला हिरवट सोनेरी झळाळी मारते.

फाउंटन पेनच्या बहुतेक शायांमध्ये मुख्यतः पाणीच असतं. त्यात विरघळलेला रंग, शाई नीट वाहावी म्हणून थोडं साबणाच्या जातीचं रसायन आणि बुरशी धरू नये म्हणून आणखी काही. बरगंडी हा सहसा एकट्या रंगाचा खेळ नसतो. लाल किंवा किरमिजी रंगाला निळ्याची वा काळ्याची जोड देऊन तो जमवतात. कोकमाचं आगळ बाटलीत काळपट दिसतं आणि पेल्यात पाणी ओतलं की गुलाबी होतं, तसंच हे. कागदावर थर किती जाड बसला, त्यावर डोळ्यांना दिसणारा रंग ठरतो. आणि हा थर किती बसणार, हे पेन आणि कागद मिळून ठरवतात.

आधी पेन. निबच्या पोटाशी जी खाचा पाडलेली जीभ असते, तिच्या बारीक नाळेतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते याच देवाणघेवाणीवर. जपानी ‘एफ’ निब जर्मन ‘एफ’पेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, त्यामुळे तिच्यातून शाई बेतानेच उतरते आणि यामा-बुदो फिकी वाटते. उलट आपल्याकडच्या एबोनाइटच्या पेनांचा हात सैल. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याची जीभ शाईने चटकन भिजते आणि सढळ शाई सोडते. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचे हातघडणीचे पेन याच वंशातले. त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं होतं. अशा पेनात बरगंडी भरली तर ती पोटभर बोलते.

पण ड्रॉपरने टाकीत शाई भरायच्या पेनांची एक खोड जुन्या लोकांना माहीत आहे. टाकी निम्मी रिकामी झाली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. वाक्याच्या मध्येच टप्पोरा थेंब पडतो. निळा डाग एक वेळ धुतला जातो, बरगंडीचा सदऱ्यावर मुक्काम करतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या टाकीलाही ती कायमची गुलाबी झाक देऊन जाते. म्हणून ही शाई अपारदर्शक पेनातच बरी.

कागदाच्या बाबतीत एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: जाड कागद म्हणजे चांगला कागद. ‘तोमोए रिव्हर’ हा फाउंटन पेनवाल्यांचा लाडका जपानी कागद फक्त ५२ जीएसएमचा, म्हणजे पलीकडची अक्षरं दिसतील इतका पातळ. तरीही त्यावर शाई फुटत नाही आणि सहसा पाठीमागे उतरत नाही. याउलट १०० जीएसएमचा एखादा गुबगुबीत कागद शाई टिपून घेतो. फरक खळीचा. कागद करताना लगद्यात किंवा वरून जी खळ देतात, ती तंतूंमध्ये पाणी शिरू देत नाही. खळ पुरेशी असली की शाई पृष्ठभागावर साचून वाळते; कमी पडली की तंतूंच्या वाटेने पसरते. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचे सुती चिंध्यांचे कागद दिसायला देखणे, पण पेनने लिहिण्याआधी कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहावी. चित्रकलेसाठी केलेला कागद लिखाणाला चालेलच असं नाही.

देवनागरीत हा फरक झटकन कळतो. साध्या कागदावर अनुस्वारासकट ‘ष’ लिहा आणि भिंगातून पाहा. पोटातली तिरकी रेघ आणि बाजूची कड यांच्यातली फट बुजलेली असते, रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक केस फुटलेले असतात आणि अनुस्वार सुजून शिरोरेषेला चिकटलेला असतो. चांगल्या कागदावर तेच अक्षर कोरीव येतं. शिवाय शिरोरेषा शेवटी ओढायची पद्धत असल्याने ती काना-दांड्यांना जिथे छेदते तिथे शाईचा दुसरा थर बसतो. यामा-बुदोची झळाळी नेमकी त्या गाठींवर आणि वेलांटीच्या शेपटाशी दिसते, कारण तिथे शाई साचते.

ही झळाळी म्हणजे शाईत मिसळलेली चमकी नव्हे. लाल-किरमिजी रंग हिरवा प्रकाश जबरदस्त शोषतात. असा रंग दाट होऊन कागदावर घट्ट पापुद्र्यासारखा वाळला की शोषला जाणारा तोच प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरून जोरात परावर्तित होतो, म्हणून लाल शाई हिरवट सोनं दाखवते. शाई कागदात मुरली तर पापुद्रा नाही आणि झळाळीही नाही. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: साध्या कागदावर काही सेकंदांत वाळणारी ओळ तोमोए रिव्हरवर बराच वेळ ओली राहते. डावखुऱ्यांनी आणि घाईवाल्यांनी टीपकागद जवळ ठेवावा.

सगळ्याच बरगंडी अशा चमकत नाहीत. १८६४ पासून शाई बनवणाऱ्या ब्रिटनच्या डायमाइन कंपनीची ‘ऑक्सब्लड’ तपकिरीकडे झुकते. तिच्यात झगमगाट कमी, पण साध्या कागदावर ती यामा-बुदोपेक्षा जास्त भारदस्त दिसते. कार्यालयीन टिपणं आणि साध्या वह्या यांच्यासाठी निवड करायची झाली तर पारडं ऑक्सब्लडकडे झुकावं.

हवामानही यात हात धुऊन घेतं. जुलैत मुंबईचा कागद हवेतलं पाणी पिऊन सैल झालेला असतो. शाई जास्त पसरते, वाळायला वेळ लावते. मे महिन्यात नागपुरात टोपण उघडं राहिलं की निबवरचं पाणी उडतं आणि पहिली दोन अक्षरं दाट, मग ओळ पूर्ववत. वडीपासून घरी शाई करणाऱ्यांना हे गणित हातानेच कळत असे. दांडेकर बंधूंच्या कॅमलिनची सुरुवातच १९३१ साली ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडीने आणि वड्यांनी झाली. पाणी किती घालायचं ते घरोघरी ठरे.

राहिला टिकाऊपणा, आणि इथे बरगंडी नापास होते. लाल-किरमिजी रंगांपैकी बरेचसे उन्हाला कच्चे. जुन्या लाल शायांमध्ये सर्रास वापरला जाणारा इओसिन तर त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. व्हॅन गॉगने तोच लाल रंग वापरून १८९० मध्ये गुलाबांची चित्रं काढली. ती फुलं तेव्हा गुलाबी होती, आज जवळजवळ पांढरी आहेत. तुमच्या बाटलीतला रंग कोणता हे वेष्टनावर सहसा छापलेलं नसतं, पण तपासणं सोपं आहे. कागदाच्या पट्टीवर एक जाड रेघ ओढा, निम्मी पट्टी पुस्तकात दडवा, उरलेली खिडकीत उन्हाला ठेवा आणि महिनाभराने दोन्ही भाग शेजारी धरून पाहा.

पत्रं, रोजनिशी, तपासलेल्या निबंधांवरचे शेरे यांना बरगंडी खुशाल वापरा. मृत्युपत्र, करार, घराण्याची वंशावळ तिने लिहू नका. त्या कामाची लोहयुक्त शाई पुढच्या लेखांकात.