सात जोडप्यांची कथा आणि पेशींमधली वंशावळ

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. या किनाऱ्यालगतच्या गावात ज्यू धर्म पाळणाऱ्या बेने इस्रायल समाजाची जुनी दफनभूमी आणि एक स्मारकस्तंभ आहे. आख्यायिका अशी, की फार पूर्वी या भागात एक गलबत फुटलं, त्यातले सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि कोकणात पुढे वाढलेला सगळा समाज या सात जोडप्यांचा वंश. किनाऱ्याला लागलेली प्रेतं नवगावातच पुरली असं समाज मानतो. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यांनी या घटनेचा काळ इसवी सनापूर्वी १७५च्या सुमाराचा धरला. त्यांचं पुस्तक छापून आलं ते मात्र १९३७ साली.

हा समाज आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी विखुरलेला होता. तेलघाणी हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी घाणी बंद राहायची, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी त्यांची आडनावं. घरात मराठी, बायकांच्या अंगावर लुगडं. रोश हशाना या ज्यू नववर्षाला ‘नव्याचा सण’ म्हणायचं, नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मांडून मलिदा करायचा. त्याच वेळी मुलाची सुंता आठव्या दिवशी, पंख आणि खवले नसलेली मासळी वर्ज्य, आणि हिब्रूतली ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ. बाकीचं हिब्रू विस्मरणात गेलेलं.

मग हे लोक नेमके कोण? भूमध्यसागराच्या काठावरून आलेले ज्यू, की ज्यू धर्म पाळणारे कोकणी? हा प्रश्न बाहेरच्यांनी अनेकदा विचारला, आणि तो नुसत्या कुतूहलाचा राहिला नाही. १९४८नंतर हजारो बेने इस्रायली कुटुंबं इस्रायलला गेली. तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६२च्या सुमारास असा निर्देश काढला, की या समाजातल्या कुणी समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं ठरवलं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं, म्हणून ही चौकशी आजी-पणजीच्या मागे लागली. पिढ्यान् पिढ्या शनिवारचा शब्बाथ पाळलेल्या माणसांना हा अपमान वाटला, आणि तो होताच. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली. अखेर १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून सांगितलं, की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. धर्मपीठालाही माघार घ्यावी लागली.

जनुकशास्त्र या वादात आलं ते बरंच उशिरा. माणसाच्या पेशीत वंशाचा माग काढण्याच्या तीन वाटा असतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं, त्यामुळे ते पितृवंश सांगतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो आईकडूनच मिळतो, म्हणून तो मातृवंश सांगतो. या दोन वाटा स्पष्ट असल्या तरी अरुंद आहेत. वीस पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात दहा लाखांहून अधिक पूर्वजांच्या जागा भरतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच पुरुषाबद्दल बोलतं, मायटोकाँड्रिया एकाच स्त्रीबद्दल. उरलेल्या सगळ्यांचा हिशेब तिसऱ्या वाटेने, म्हणजे बाकीच्या बावीस गुणसूत्र-जोड्यांमधून काढावा लागतो.

आधी चर्चा झाली ती पहिल्या वाटेची. या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे अभ्यासक ट्यूडर परफिट आणि सहकाऱ्यांनी बेने इस्रायली पुरुषांच्या वाय गुणसूत्रांत मध्यपूर्वेतल्या ज्यू पुरोहित घराण्यांशी जोडली जाणारी एक खूण असल्याचं सांगितलं. वृत्तपत्रांनी त्याचा ‘पुरावा मिळाला’ असा गाजावाजा केला. तो अति होता. ती खूण मध्यपूर्वेतल्या ज्यू नसलेल्या पुरुषांतही आढळते, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाच्या धर्माचा किंवा घराण्याचा निकाल लावता येत नाही.

दुसऱ्या वाटेने निघालेलं उत्तर जास्त विलक्षण आहे. डोरोन बेहार आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जगभरच्या ज्यू समाजांचे मातृवंश तपासले. त्यांच्याकडचे बेने इस्रायली नमुने अवघे चौतीस होते. त्यांतल्या सुमारे ४१ टक्के व्यक्तींचा मातृवंश एकाच स्त्रीपर्यंत पोहोचत होता, आणि तिचा वंशगट भारतीय होता. या मातीतल्या एका बाईची लेक, तिची लेक, तिची लेक अशी साखळी न तुटता आजपर्यंत आली आहे. आख्यायिकेतल्या सात स्त्रिया गलबतातून उतरतात. ही बाई मात्र किनाऱ्यावरच होती, आणि कुठल्याही कथेत तिला जागा मिळालेली नाही.

तिसऱ्या वाटेवरचा सविस्तर अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. येदाएल वाल्डमन, एरान हाल्परिन, अलोन केनन आणि सहकाऱ्यांनी अठरा बेने इस्रायली व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचातली लाखो ठिकाणं तपासली आणि ती भारतातल्या, मध्यपूर्वेतल्या आणि इतर ज्यू समाजांशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा, की समाजात ज्यू वारसा आणि भारतीय वारसा दोन्ही भरघोस आहेत. मिश्रण झालं ते मध्यपूर्वेकडच्या ज्यूंशी, आणि त्यात ज्यू बाजूने पुरुषांचा, स्थानिक बाजूने स्त्रियांचा वाटा जास्त होता.

हे मिश्रण कधी झालं, हेही जनुकांतून काढता येतं. लाल आणि निळ्या पत्त्यांचे दोन गठ्ठे एकावर एक ठेवून पिसायला घेतले, तर सुरुवातीला लाल पत्त्यांची लांब रांग दिसते, मग निळ्यांची. जितक्या वेळा पिसाल तितक्या या रांगा तुटत जातात. गुणसूत्रंही दर पिढीत अशीच तुटतात आणि जुळतात. त्यामुळे एका वारशाचे सलग तुकडे किती लांब उरलेत, यावरून किती पिढ्या गेल्या याचा अंदाज येतो. बेने इस्रायलांच्या बाबतीत हा अंदाज १९ ते ३३ पिढ्यांचा निघाला. पिढी तीस वर्षांची धरली तर साधारण ५७० ते ९९० वर्षं होतात.

म्हणजे केहिमकर चुकले का? तसं म्हणता येत नाही. हा आकडा दोन समाज एकमेकांत मिसळल्याचा काळ दाखवतो, आगमनाचा नाही. एखादा गट कित्येक शतकं आधी येऊन वेगळा राहिला असेल, किंवा नवे व्यापारी नंतर येऊन जुन्या वस्तीत सामील झाले असतील, तर जनुकं बोलतील ती प्रामुख्याने उशिराच्या मिश्रणाबद्दल. अरबी समुद्रावरून कोकणात येणारी व्यापारी वाहतूक मध्ययुगात भरात होती. त्यामुळे हा काळ इतिहासाशी विसंगत तर नाहीच.

समाजाच्या आत मात्र या निष्कर्षाचा अर्थ फार खोल जातो. एकेकाळी बेने इस्रायलांमध्ये ‘गोरा’ आणि ‘काळा’ असे दोन भाग मानले जात. दोन्हीकडून शुद्ध ज्यू वंश सांगणारे ते गोरे, आणि ज्यू बाप व स्थानिक आई यांची संतती ते काळे. त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. आता दिसतं ते असं, की ज्या स्थानिक आयांमुळे काहींना खालचं ठरवलं, त्या समाजाच्या मुळाशीच आहेत. त्यांच्यामुळे कुणी कमी ज्यू होत नाही. धर्म स्वीकारलेली स्त्री त्या धर्मशास्त्रानुसार पूर्ण ज्यू असते आणि तिची मुलंही. शब्बाथ पाळायचा, घाणी बंद ठेवायची, मुलांना शेमा शिकवायची, हे शतकानुशतकं घरात कुणी चालवलं असेल याचा विचार केला, तर या स्त्रियांपुढे नतमस्तक व्हायला हवं.

शुद्ध वंशाची कल्पना भारतात इतरत्रही टिकत नाही. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासानुसार आजचे बहुतेक भारतीय समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले, आणि हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी चालू होतं. त्यानंतर जातींनी आपापली दारं बंद केली. बेने इस्रायलांची गोष्ट त्याच प्रक्रियेची अलीकडची आवृत्ती आहे. आधी मिसळणं, मग समाजातल्या समाजात लग्नं.

दारं बंद करण्याची किंमत शरीर मोजतं. २०१६च्या अभ्यासात दिसलं, की मिश्रणानंतर बेने इस्रायलांची संख्या आक्रसली आणि लग्नं आतच होत राहिली. सात जोडप्यांच्या कथेतला ‘थोडक्या माणसांतून वाढलेला समाज’ हा भाग त्यामुळे खरा ठरतो. अशा समाजात एखाद्या पूर्वजाकडचं सदोष जनुक अनेक घरांत पोहोचतं. त्याची एकच प्रत असेल तर त्रास होत नाही, ती व्यक्ती नुसती ‘वाहक’ असते, पण आई-वडील दोघांकडून आलं तर मूल आजारी जन्मू शकतं. नाथन नाकात्सुका, कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६०हून अधिक समाजगटांचा अभ्यास केला. त्यातल्या ८१ गटांत हा परिणाम युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र होता. त्यातले १४ गट दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका स्नायू-शिथिलक औषधाचा परिणाम काही जणांवर धोकादायक रीतीने लांबतो, तो याच कारणाने.

अश्केनाझी ज्यूंनी या ज्ञानाचा उपयोग करून घेतला. टे-सॅक्स या लहानग्यांचा जीव घेणाऱ्या आजारासाठी १९७०च्या दशकापासून लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी वाहक-तपासणी सुरू झाली, आणि त्या समाजात हा आजार घेऊन जन्मणारी मुलं ९० टक्क्यांहून अधिक घटली.

भारतात आज चार-पाच हजार ज्यू उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग उभं आहे, इस्रायलमधल्या त्यांच्या नातवंडांच्या घरी अजून मलिदा होतो. महाराष्ट्रातल्या इतर समाजांनी अश्केनाझी ज्यूंकडून निदान एक गोष्ट मनावर घ्यावी, ती वाहक-तपासणीची. नंदुरबार-गडचिरोलीतल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आहे, सिंधी आणि काही गुजराती-कच्छी समाजांत थॅलेसेमिया. आई-वडील दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. ही तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. स्थळ आपल्याच समाजातलं बघत असाल, तर पत्रिका मागवण्याआधी ती करून घ्या.