२८ मिमीचा शिपाई पारखताना

काल मित्राने वॉटर्लूच्या लढाईतल्या ब्रिटिश पायदळाच्या पुतळ्यांचा प्लॅस्टिक संच दाखवून विचारलं, "घेऊ का?"

मी आधी टोपी बघतो. १८१५ मध्ये बहुतेक लाइन पलटणींकडे पुढून उंच 'बेल्जिक' शाको होती, लाइट इन्फन्ट्रीकडे जुनी नळकांडी. त्याआधीच्या स्पेनमधल्या लढाया खेळायच्या तर नळकांडीच हवी.

मग बंदूक. 'इंडिया पॅटर्न' मस्केट मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनलेली. नळी ३९ इंच, आणि अख्खी बंदूक संगिनीसकट साधारण सहा फूट. म्हणजे बंदूक जमिनीवर टेकवून उभी धरली तर संगीन शिपायाच्या डोक्यावर जायलाच हवी! पुष्कळ पुतळ्यांच्या हातात आखूड सोटाच असतो.

साच्याची रेघ बाहीवर असली तर सुरीने खरवडता येते. चेहऱ्यावरून गेली असेल तर मी संच परत ठेवतो.

२८ मिमीची उंची काही कंपन्या डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. त्यामुळे दोन कंपन्यांचे शिपाई एका रांगेत लावण्याआधी शेजारी उभे करून बघा.