इंजेक्शन मोल्ड: पोलाद कापण्याआधी दूर करायचे गैरसमज

पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे पीपीचं एक चौरस झाकण घ्या, बाजू २०० मि.मी. मोल्ड म्हणजे वस्तूची उलटी प्रत, तेव्हा कॅव्हिटीही २०० मि.मी.चीच कापायची, असं नव्यानं धंद्यात उतरलेले अनेक जण धरून चालतात. तशी कापली, तर झाकण डब्यावर बसणार नाही.

वितळलेलं प्लॅस्टिक गार होताना आकसतं. पीपी साधारण १ ते २.५ टक्के, एबीएस ०.४ ते ०.७ टक्के. दीड टक्का धरला, तर या झाकणाला कॅव्हिटी सुमारे २०३ मि.मी. लागते. शिवाय आकसणं सगळीकडे सारखं नसतं. प्रवाहाच्या दिशेनं एक, आडव्या दिशेनं दुसरं, जाड भागात आणखी जास्त. ‘मोल्ड तोच, फक्त दाणे बदलू’ हे म्हणूनच चालत नाही. मटेरियल, तेही ग्रेडसकट, ड्रॉइंगला हात लावण्यापूर्वी ठरायला हवं.

याहून चिवट समजूत म्हणजे भिंत जितकी जाड तितकी वस्तू मजबूत. जाड भिंतीत बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला गाभा मागाहून आकसतो आणि पृष्ठभागाला आत ओढतो. वर खड्डा दिसतो, तोच सिंक मार्क. पृष्ठभाग ओढला गेला नाही, तर आत पोकळी राहते. गार होण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २ मि.मी.ची भिंत ४ केली की तो जवळपास चौपट. मजबुती हवी तर भिंत बेताची ठेवून मागे रिब द्यावी, आणि रिबची जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्केच असावी.

एक वस्तू काढण्याच्या सायकलचा निम्म्याहून अधिक वेळ बहुधा गार होण्यातच जातो. तरीही इजेक्टर पिना आणि स्क्रू बसवून झाल्यावर उरलेल्या जागेत पाण्याची भोकं कोंबलेली ड्रॉइंग्ज दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. पाण्याचा मार्ग आधी आखावा, पिना त्यातून वाट काढतील. एका बाजूला पाणी पोचलं नाही, तर झाकण वाकडंच निघतं.

मोल्ड उघडला की वस्तू आपोआप सुटते, हाही भ्रम. आकसताना ती कोअरला, म्हणजे आतला आकार देणाऱ्या भागाला, घट्ट आवळून बसते. उभ्या भिंतींना निदान एक अंश ड्राफ्ट, म्हणजे उतार द्यावा. टेक्श्चर असेल तर त्याच्या खोलीनुसार वाढवावा.

टोकाचा कोपरा काळा पडला की बोट लगेच हीटरकडे जातं. पुष्कळदा दोष कोंडलेल्या हवेचा असतो. प्लॅस्टिक वेगानं आत शिरतं, हवेला वाट नसते, ती दाबानं इतकी तापते की मटेरियल करपतं. त्यासाठी पार्टिंग लाइनवर मि.मी.च्या दोन-तीन शतांशाएवढे व्हेंट लागतात. त्याहून फार खोल गेले तर फ्लॅश, म्हणजे कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा येतो.

‘चार कॅव्हिटी केल्या की झाकण स्वस्त पडेल’, हा हिशेब अर्धाच आहे. एका झाकणाचं क्षेत्रफळ ४०० चौ. सें.मी. दर चौ. सें.मी.ला ३०० किलो दाब धरला, तर मोल्ड मिटून धरायला १२० टन लागतात. चार कॅव्हिटींना ४८० टन, रनर (प्लॅस्टिक कॅव्हिटीपर्यंत नेणारी वाट) वेगळा. तेवढं मशीन दारात आहे का, आणि मागणी तेवढी आहे का, हे आधी पाहावं.

फ्लो सिम्युलेशन केलं की ट्रायलची गरज नाही, असंही ऐकू येतं. सिम्युलेशन जरूर करावं. गेट (प्लॅस्टिक आत शिरण्याची जागा) कुठे, वेल्ड लाइन (दोन प्रवाह जुळतात ती रेघ) कुठे येईल, हे त्यात चांगलं कळतं. पण नेमकं आकसणं पहिल्या ट्रायललाच समजतं. म्हणून जाणता टूलमेकर नाजूक मापांत पोलाद शिल्लक ठेवतो. झाकणात भोक असेल, तर ते पाडणारी पिन मापाच्या वरच्या बाजूला ठेवायची, कारण ती घासून बारीक करता येते, जाड करायची तर नवीच बनवावी लागते. बाहेरच्या मापाची कॅव्हिटी याउलट किंचित लहान ठेवायची. ती नंतर वाढवता येते, भरून काढायची तर वेल्डिंग आलं.