आवाज कुठून, त्याआधी केव्हा

गाडीतून अनोळखी आवाज यायला लागला की आपण कान टवकारून त्याची जागा शोधू लागतो, आणि इथेच फसतो. पत्रा आवाज लांबवर वाहून नेतो. मागच्या चाकाची घरघर कधीकधी पायाशीच ऐकू येते. म्हणून आवाज कुठून येतो हे नंतर, केव्हा येतो हे आधी पाहावं.

सुरुवात डिकीपासून. जॅक, पाना, दाराच्या कप्प्यातली बाटली, सुट्टी नाणी बाहेर काढा. कित्येक खडखडी इथेच थांबतात.

मग मोकळा, सरळ रस्ता गाठा. ताशी 60 किलोमीटरला ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. इंजिन मात्र बंद करू नका. बंद केलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. इंजिनचे फेरे उतरताच आवाजही उतरला, तर दोष इंजिनकडचा: बेल्ट असेल, सायलेन्सरवरचा सैल पत्रा असेल. आवाज तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबर ओसरला, तर चाकांकडे वळा. या वेगाला छोट्या कारचं चाक सेकंदाला 8-9 फेरे घेतं, इंजिन 2000 आरपीएमला 33. दोघांची लय वेगळी, म्हणून ही परीक्षा चालते.

चाकांच्या आवाजात सर्वांत चकवणारी ती घूं घूं. मी तिच्यापायी दोन टायर बदलले, आवाज हलला नाही; गेलं होतं बेअरिंग. टायरचा आवाज सिमेंटवरून डांबरी रस्त्यावर येताच बदलतो, बेअरिंगचा फारसा नाही. तो ओळखायला वळण लागतं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घूं घूं वाढली, तर बहुधा डावं बेअरिंग.

खात्री घरीही होते. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढचं चाक जॅकवर उचला. गाडीखाली शिरू नका. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग शांत असते. खराब असेल तर वाळू दळल्यासारखी खरखर बोटांना कळते.

बाकीचे आवाज स्वतःच ओळख देतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट झाली तर सीव्ही जॉइंट, स्पीडब्रेकरवर ठक्क झालं तर लिंक किंवा बुश. ब्रेकची किंचाळी रोजची झाली, तर पॅड लगेच तपासून घ्या, त्यात दिरंगाई नको.

गॅरेजमध्ये नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणू नका. ‘साठच्या पुढे येतो, क्लच दाबला तरी राहतो, उजव्या वळणावर वाढतो,’ असं सांगा. मिस्त्री आधी डावीकडचं चाकच उघडेल.